पंधरा किलोंचा समुद्र

मध्यंतरी मोशीला आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. अकरावी-बारावीला तो आमच्या वर्गात होता. पुढे तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन आता चाकणच्या एका कारखान्यात मोटारींचे सुटे भाग तपासण्याचे काम करतो. महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी त्याच्याकडून एक प्रवासलेख मिळवावा, या हेतूने आम्ही दोघे गेलो होतो. दार उघडले तेव्हा दिवाणखान्यात बसायला जागा नव्हती. सतरंजीवर काळ्या रबरी कापडाचा एक पोशाख हातपाय पसरून पडला होता. शेजारी पायांत घालायचे दोन लांब पंख, काचेचा मुखवटा, नळ्यांचे एक भेंडोळे, अनेक पट्ट्यांचे जाकीट, मनगटावर बांधायचा छोटा संगणक, विजेरी आणि म्यानातली वीतभर सुरी. मधोमध उघडी बॅग होती आणि ती टांगून तोलण्याचा हुकाचा वजनकाटा त्याच्या आईच्या हातात होता. “सर, मॅडम, तुम्ही तिकडे पलंगावर बसा, याचा समुद्र अजून आवरायचाय,” त्या म्हणाल्या.

विद्यार्थी दुसऱ्या दिवशी विमानाने अंदमानला जाणार होता. तेथील स्वराज द्वीपाजवळच्या प्रवाळांत त्याला स्कूबा डायव्हिंग करायचे होते. विमानात पोटात टाकायच्या सामानाला पंधरा किलोंची मर्यादा, हातातल्या पिशवीला सात. “सिलिंडर कुठे आहे?” आम्ही विचारले. तो हसला. “तो तिकडेच भाड्याने मिळतो, सर. रिकामा सिलिंडरच चौदा किलोंचा असतो. तो नेला तर मला घरीच राहावे लागेल.”

लेखाचा विषय तेथेच बाजूला राहिला. ज्या एका वस्तूसाठी हा सारा संभार, ती पाण्याखालची हवा, बॅगेत नव्हती आणि असूही शकत नव्हती. काय न्यायचे, काय नेता येत नाही आणि काय घेऊन परतायचे, हे तीन प्रश्न त्या सतरंजीवर मांडलेले आम्हाला दिसले. मराठी माणसाच्या समुद्राशी असलेल्या नात्याचा इतिहास या तीन प्रश्नांतून वाचता येईल का, असा विचार परतताना मनात घोळत राहिला. त्या विचाराचे हे टिपण.

सामानासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गाठोडे, बोचके, पडशी, वळकटी, शिदोरी, ट्रंक, होल्डॉल, बॅग. प्रत्येक शब्दामागे एक वाहन आहे आणि एक वाहणारा आहे. दोन कप्प्यांची पडशी खांद्यावर पुढेमागे लोंबते, म्हणून ती पायी चालणाऱ्याची. वळकटी आगगाडीच्या फळीवर उलगडते. ट्रंक हमालाच्या डोक्यावर जाते, आणि चाकांच्या बॅगेला गुळगुळीत फरशी लागते. यांतला ‘बाडबिस्तरा’ हा शब्द आम्हा मराठीच्या अध्यापकांना विशेष जवळचा, कारण हस्तलिखित पोथ्या-वह्यांच्या गठ्ठ्यालाही आपण ‘बाड’ म्हणतो. दोन्ही शब्दांची व्युत्पत्ती एक असो वा नसो, अर्थ शेजारी शेजारी नांदतात: जे मोलाचे आहे ते बांधून ठेवायचे आणि वेळ आली की उचलायचे.

असे असूनही आपले प्रवासवर्णन बहुधा गाडी सुटल्यावर किंवा बोट हलल्यावर सुरू होते. त्याआधीची रात्र त्यात क्वचितच येते. बांधाबांध करणारे हात बहुतेक वेळा घरातल्या बाईचे आणि लेखणी बहुतेक वेळा पुरुषाच्या हाती, हे याचे एक कारण असावे. परंतु प्रवासाविषयीचे खरे निर्णय त्या रात्रीच झालेले असतात.

या परिसराच्या स्मृतीतली सर्वांत प्रसिद्ध बांधाबांध पाण्याशीच संबंधित आहे. मोशीपासून देहू जवळ आहे. महीपतींनी ‘भक्तविजया’त (१७६२) सांगितलेली तुकोबांच्या वह्यांची कथा आपण सारे जाणतो. रामेश्वरभट्टांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडवाव्या लागल्या. परंपरा सांगते की वह्यांचे बासन दगड बांधून सोडले होते आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवून कथेकडे पाहिले तर दिसते ते असे: कोणते शब्द कोणी बाळगावेत याचा निर्णय दुसऱ्याने घेतला, आणि ते बाळगण्याची मनाई झालेल्या माणसाला आपल्याच हातांनी आपले बाड बांधून बुडवावे लागले.

याच कथेची दुसरी बाजू चाकणची आहे. तुकोबांचे टाळकरी आणि लेखक संताजी जगनाडे हे चाकणचे. बुडालेले अभंग त्यांनी स्मरणातून पुन्हा उतरवले, अशी श्रद्धा आहे; जगनाडे यांच्या नावावर असलेल्या वह्यांचा आधार घेऊन पुढे वि. ल. भावे यांनी गाथेची आवृत्ती सिद्ध केली, हे तर साहित्येतिहासाला ठाऊक आहे. आज ज्या चाकणचे नाव मोटारींच्या कारखान्यांशी जोडले जाते, तेथल्या एका तेल्याच्या वह्यांनी हा ठेवा काठावर सांभाळला. पाण्यात जाणाऱ्याला काठावर कोणीतरी विश्वासाचे लागते, हे पाणबुड्यांचे पहिले सूत्र आहे. एकट्याने बुडी मारायची नाही, जोडीदार हवा, हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवतात.

पाणी नेण्या-आणण्याचा आपल्या वाङ्मयातला मोठा प्रवास म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा. कर्ज फेडण्यासाठी चार पैसे मिळावेत म्हणून ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ हा त्यांचा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला, त्याची चर्चा आपण बहुधा झाशीच्या प्रसंगांसाठी करतो. सामानाच्या दृष्टीने वाचला तर तो वेगळाच दिसतो. मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले जाते. शेवटी टिकते ती गंगाजलाची कावड. ती खांद्यावर घेऊन गोडसे भटजी घरी आले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. कावड जमिनीवर कोठे टेकवायची, कोणी शिवायचे, याचे सोवळे निराळे. म्हणजे सामानाचे नियम तेव्हाही कडक होते. फक्त तपासणीचे यंत्र नव्हते, आणि तपासनीस प्रत्येकाच्या मनात बसलेला होता.

नदीपर्यंत ठीक होते. समुद्र मात्र द्विजांना वर्ज्य. समुद्रयान करून आलेल्याला प्रायश्चित्तानंतरही पंक्तीत घेऊ नये, असे कलिवर्ज्य प्रकरणात सांगितले गेले. या निषेधाची पहिली मोठी कसोटी मराठ्यांच्या राजकारणाने पाहिली. रघुनाथरावांचे वकील म्हणून हणमंतराव हे ब्राह्मण आणि मणियार हे पारशी गृहस्थ १७८१ साली लंडनला पोचले. त्यांची अडचण राजकारणापेक्षा स्वयंपाकाची होती. एडमंड बर्क यांनी बीकन्सफील्ड येथील आपल्या घराजवळचे वनस्पतींचे काचगृह त्यांना मोकळे करून दिले. तेथे ते आपल्या आचाराप्रमाणे रांधू शकले. परतल्यावर शुद्धीसाठी सोन्याच्या योनीप्रतिमेतून बाहेर पडण्याचा, म्हणजे पुन्हा जन्म घेण्याचा, विधी त्या वकिलांना करावा लागला, अशी नोंद त्या काळच्या इंग्रजी लेखनात आहे. समुद्रावरून आलेल्या देहात काहीतरी शिरलेले असते आणि ते निघेपर्यंत त्याला घरात घेता येत नाही, ही त्यामागची धारणा. ती ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडेल.

शंभर वर्षांनी, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. त्याआधी श्रीरामपूर येथे जाहीर सभेत उभे राहून त्यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत याचा खुलासा केला होता. आपला वेष आणि आहार बदलणार नाही, हाही त्यांचा निर्धार होता. सामान बांधण्याआधी त्याचा जाहीर हिशेब द्यावा लागलेली ही अठरा वर्षांची मुलगी. पुढे थंडीने त्यांचा नऊवारीचा निश्चय थोडा वाकवला. पोटऱ्या झाकणारी गुजराती पद्धतीची साडी त्यांनी स्वीकारली. वैद्यकाची पदवी घेऊन त्या १८८६ साली परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेतल्या कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. मराठी माणसाने समुद्रापार पाठवलेल्या सामानात याहून जड काही गेले असेल असे आम्हाला वाटत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सिंधुबंदीचा इतिहास हाच मराठी समाजाचा समुद्रेतिहास, असे आपण नकळत शिकवत आलो आहोत. कोळी, गाबीत, भंडारी, दालदी, खारवी यांना ही बंदी कधी नव्हती. असती तर किनाऱ्यावर चूल पेटली नसती आणि शिवाजी महाराजांच्या आरमाराला माणसेही मिळाली नसती. १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. पायाचे दगड शिसे ओतून बसवले, असे सांगतात. ज्यांनी ते दगड वाहून नेले त्यांचे प्रवासवर्णन नाही, कारण त्यांना समुद्रावर जाण्यासाठी कोणाला खुलासा द्यावा लागला नाही. ज्याला परवानगी मागावी लागते तो लिहितो. बाकीचे नुसते जातात. साहित्याच्या आधारे इतिहास लिहिताना ही फट नेहमी राहते.

आणि ज्या अंदमानला आमचा विद्यार्थी हौसेने निघाला होता ते बेट तर परवानगीच्या नेमक्या उलट टोकाला होते. १८५८ पासून ते काळे पाणी. ४ जुलै १९११ रोजी विनायक दामोदर सावरकर ‘महाराजा’ या बोटीने तेथे पोचले. ‘माझी जन्मठेप’ १९२७ साली पुस्तकरूपाने आली. तेथे नेल्या जाणाऱ्यांना काय बांधावे हा प्रश्न नव्हता. त्यांचे सामान सरकार ठरवत असे. आज त्या शहराचे नाव श्री विजयपुरम् आहे आणि विमानतळाला सावरकरांचे नाव आहे. तेथील सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर प्रवाशांचे डायव्हिंगचे पंख फिरताना दिसतात.

आता त्या नळ्यांच्या भेंडोळ्याकडे वळू. पाणबुड्याच्या तोंडाशी हवा पोचवणाऱ्या या यंत्राला रेग्युलेटर म्हणतात, आणि त्याचा जन्म मोटारीच्या पोटातला आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्याचे प्रयोग झाले. इंजिनाला लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप एमिल गान्यां या अभियंत्याने तयार केली होती. नौदलातला अधिकारी झाक कूस्तो त्याच्याकडे आला आणि इंजिनाच्या जागी माणसाचे फुप्फुस कल्पिले गेले. १९४३ च्या आरंभी मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवे पोहताना यंत्र ठीक चाले. डोके वर केले की हवा भसाभस वाहून जाई. उच्छ्वासाची वाट आणि श्वासाची झडप एकाच पातळीवर आणल्यावर दोष गेला. त्याच उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात कूस्तो खाली उतरला. ‘स्कूबा’ हे नाव पुढे इंग्रजी आद्याक्षरांतून रूढ झाले. त्याचा अर्थ पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन.

हे ऐकून आमचा विद्यार्थी खुलला. त्याचे रोजचे काम झडपांच्याच तपासणीचे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभे राहिले, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि नव्वदीनंतर कारखाने चाकणकडे सरकले. या साऱ्या पट्ट्याचा एक अदृश्य कामगार म्हणजे दाबलेली हवा. नट आवळणारे पाने, रंगाचे फवारे, पकडी आणि चिमटे हवेवर चालतात. दापोडीला ॲटलास कॉप्कोने हवेचे कॉम्प्रेसर बनवायला घेतले त्याला कित्येक दशके लोटली. “आमच्या लाइनवर सहा-सात बारचा दाब असतो,” तो म्हणाला, “सिलिंडरमध्ये दोनशे. रिक्षाच्या सीएनजी टाकीतही दोनशेच. पण लाइनवरची हवा श्वासाला चालत नाही; तिच्यात तेलाचा अंश असतो. श्वासाची हवा भरायला वेगळा कॉम्प्रेसर आणि वेगळी गाळणी लागते.” आम्हाला हवा म्हणजे वजनरहित, असे वाटत होते. त्याने हिशेब मांडून दाखवला: अकरा लिटरच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने भरलेल्या हवेचे वजन अडीच किलोंच्या आसपास जाते.

मग सुरू झाली प्रत्यक्ष बांधाबांध, आणि तिच्यातला प्रत्येक निर्णय कारणासह आम्ही टिपून घेतला. दाबाने भरलेला सिलिंडर विमानात चालत नाही, कारण आग लागली तर तो फुटू शकतो. रिकामा न्यायचा तर झडप काढून, आत काही नाही हे डोळ्यांना दिसेल असा न्यावा लागतो. कमरेचे शिसे कोणी नेत नाही. ते प्रत्येक किनाऱ्यावर भाड्याने मिळते. रेग्युलेटर, मुखवटा आणि मनगटी संगणक हातातल्या पिशवीत: मोठी बॅग हरवली तर बाकी सारे भाड्याने मिळेल, परंतु आपल्या चेहऱ्याला बसणारा मुखवटा आणि आपल्या हाताखालची झडप मिळणार नाही. सुरी मोठ्या बॅगेत, म्यानासह, कारण ती वर केबिनमध्ये चालत नाही. विजेरीचे कोडे अधिक गमतीचे. पाण्याखालची जोरकस विजेरी पाण्याने गार राहते. कोरड्या बॅगेत चुकून पेटली तर कपडे पेटवू शकते. म्हणून तिची बॅटरी काढून ठेवायची. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र पोटात टाकायच्या नाहीत. टोके झाकून हातातल्या पिशवीत ठेवायच्या, कारण खाली सामानात आग लागली तर तेथवर कोणाचा हात पोचत नाही. शंभर वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा चालते, त्यापुढे एकशे साठपर्यंत विमान कंपनीची अनुमती लागते.

राहिलेल्या वस्तूंची रचना आईंनी केली. लांब पंख बॅगेच्या दोन भिंतींसारखे उभे केले. रबरी पोशाख घडी न मोडता गुंडाळला, कारण नीओप्रीनला करकरीत घडी पडली की ऊब कमी होते. त्या गुंडाळीत विजेरीची काच सुरक्षित राहिली. जाकिटातली हवा पिळून काढली. सारे आदल्या वेळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवलेले होते. ओल राहिली तर वासही येतो आणि काट्यावर किलोभर भुर्दंडही पडतो. त्यांनी डायव्हिंग कधी पाहिलेले नाही. परंतु दरवर्षी आषाढीच्या वारीला सासूबरोबर जाताना पडशी भरण्याची सवय त्यांच्या हातांत होती. आता दिंडीचे सामान ट्रकमधून जाते, तरी गरजेचे जवळ आणि उरलेले गाडीत, हा विवेक तोच. पोकळ वस्तूत छोटी वस्तू ठेवावी, कठीण वस्तू मऊ वस्तूत ठेवावी, जे हरवले तर अडेल ते अंगाशी ठेवावे. हे सूत्र कोणत्या ग्रंथात लिहिलेले नाही.

एका विमानतळावर एकदा तपासणीत त्याचा रेग्युलेटर बाहेर काढला गेला होता. नळ्या, पितळी झडप, दाबमापकाची तबकडी. तपासणाऱ्याची शंका स्वाभाविक होती. शब्दांनी समजावणे जमेना, तेव्हा त्याने तो तोंडात धरून श्वास घेऊन दाखवला. ही हकिगत तो हसत हसत सांगत होता. आम्हाला मात्र श्रीरामपूरच्या सभेत उभी राहिलेली ती मुलगी आठवली. समुद्राकडे निघालेल्याला आपल्या सामानाचा खुलासा अजूनही द्यावा लागतो. परंतु दोन खुलाशांत फरक आहे आणि तो धूसर करणे योग्य होणार नाही. विमानतळावरचा नियम सर्वांना एकच असतो आणि त्याचे कारण विचारता येते. बॅटरी का पेटते हे कोणालाही पडताळून पाहता येते. १८८३ चा नियम जन्मावर आणि लिंगावर ठरत होता, आणि त्याचे कारण विचारणे हेच पाप होते.

आता ती ध्यानात ठेवायला सांगितलेली धारणा. पाण्याखाली दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर तो चौपट होतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो हळूहळू उच्छ्वासाने निघून जातो. घाईने आला, किंवा आल्याबरोबर कमी दाबाच्या जागी गेला, तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे धरतो. पुलांच्या पायांसाठी नदीच्या तळाशी दाबाखालच्या कोठ्यांत काम करणारे एकोणिसाव्या शतकातले मजूर याच व्याधीने वाकले आणि मेले. पोल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली कारण दाखवले, जे. एस. हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. म्हणून एकच साधी बुडी मारली असेल तर निदान बारा तास आणि अनेक बुड्या किंवा अनेक दिवस असतील तर निदान अठरा तास विमानात बसू नये, असा सल्ला दिला जातो. पुष्कळ जण सरसकट चोवीस तास पाळतात. घाट चढून येणे हेही शरीराच्या लेखी लहानसे उड्डाणच. तारकर्लीला किंवा मालवणला बुडी मारून लगेच आंबोली चढणाऱ्या देशावरच्या पर्यटकांनी हे लक्षात घ्यावे. आपली पिंपरी-चिंचवडही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या घरात आहे.

म्हणजे समुद्रावरून आलेल्या देहात काहीतरी शिरलेले असते आणि ते निघेपर्यंत त्याला घरी जाता येत नाही, हे वाक्य पाणबुड्याच्या बाबतीत शब्दशः खरे ठरले. परतीच्या बॅगेचे वजन तेवढेच असते; हे जास्तीचे सामान काट्यावर दिसत नाही. आमच्यातल्या एकाला येथे जुन्या शास्त्रकारांच्या शहाणपणाचे कौतुक करण्याचा मोह झाला. दुसऱ्याने तो वेळीच आवरला, आणि आम्हाला वाटते ते बरोबर होते. हणमंतरावांच्या अंगात समुद्राने काहीच शिरवले नव्हते. रूपक जुळले म्हणून कारण जुळत नाही. वर्गात प्राचीन वाङ्मय शिकवताना ही चूक आपल्या हातून फार सहज होते: जुन्या निषेधाला नवे विज्ञान चिकटवले की विद्यार्थी टाळ्या वाजवतात. परंतु अठरा तास संपले की पाणबुडा मोकळा होतो, त्याची जात विचारली जात नाही. कलिवर्ज्याने प्रायश्चित्तानंतरही दार बंदच ठेवले होते. जो नियम आपली मुदत सांगतो तो माणसाच्या जिवासाठी असतो; जो मुदत सांगत नाही तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीसाठी असतो.

निघण्याची वेळ झाली. खिडकीतून लोहगावच्या दिशेने उतरणाऱ्या विमानाचे दिवे दिसले. एके काळी विमानतळ चाकणलाच होणार होता. जमिनींचे भाव, मोर्चे, नकाशे असे बरेच काही होऊन २०१६ साली तो बेत पुरंदरकडे वळला. तो झाला असता तर त्याला पहाटे दोन तास आधी उठावे लागले नसते, एवढेच विद्यार्थी म्हणाला. मग त्याने बॅग हुकाला लावून उचलली. काटा चौदा किलो आठशेवर स्थिरावला.

“दोनशे ग्रॅम उरलेत,” आई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या त्या दशम्यांची पुरचुंडी घेऊन. उजव्या पंखाच्या पावलाच्या पोकळीत ती नेमकी बसली. बीकन्सफील्डच्या काचगृहातली चूल आम्हाला आठवली, पण या दशम्यांत सोवळ्याचा अंश नव्हता. मुलगा दोन विमाने बदलणार, वाटेत त्याला भूक लागेल, एवढेच त्यांचे कारण होते.

दाराशी आम्ही लेखाची आठवण केली. तो म्हणाला, “लिहितो, सर. प्रवाळांचे रंग, कासव दिसले तर कासव.” आम्ही त्याला एकच विनंती केली: लेख पाण्यापासून किंवा विमानापासून सुरू करू नकोस, या सतरंजीपासून कर, काय नेले, काय नेता आले नाही आणि कोणी बांधून दिले, हे आधी लिही. तो आईकडे पाहून हसला. लेख अजून यायचा आहे.